गोठ्यात येणाऱ्या मशीनबद्दल

नागपूर, रविवार

ती. बाबा आणि आईस, सा. न.

बाबा, आधी सांगून टाकते, लाकूड चिरायच्या मशीनचे पैसे भरून झाले. शनिवारी टेम्पो येईल. "काहून विचारलं नाही वं?" असं तुम्ही म्हणाल. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणून नाही विचारलं.

अंगठ्याचं मला कळलं आहे. आई फोनवर "थोडंसं खरचटलं" म्हणाली, पण व्हिडिओ कॉलवर तुमची कपबशी डाव्या हातात होती आणि उजवा हात दुपट्ट्याखाली. आई, तुझ्यावर राग नाही. तू त्यांचीच बाजू घेणार.

फळीला खालून उलटा बांधलेला तो कटर तुम्हीच बसवला, त्याचं मला कौतुक आहे. सगळे देव्हारे त्याच्यावरच झाले. पण बटन चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं! लाइन गेली, तुम्ही पात्याजवळचा भुसा झाडायला हात घातला आणि तेवढ्यात लाइन आली तर?

काम सोडा असं मी म्हणणार नाही. बैलं विकल्यावर तुम्ही रिकाम्या गोठ्यात कसे बसून राहायचे, ते आईनं सांगितलंय. रंधा हातात आला तेव्हा कुठं धड जेवायला लागले.

दुकानदार मला हलकी, उचलून नेता येणारी मशीन दाखवत होता. स्वस्त होती, पण ब्रशवाली मोटर, मिक्सरसारखी किंचाळते. आईची दुपारची झोप गेलीच असती. दुसरी पार कारखान्याची, ३ हॉर्सपॉवरची. आपल्या घरच्या लाइनवर कुठं चालवता? मग मधली घेतली, कॉन्ट्रॅक्टर सॉ म्हणतात तिला. १० इंची पातं, बिडाचं टेबल, दीड हॉर्सपॉवरची बिनब्रशची इंडक्शन मोटर मागं बाहेरच लटकलेली आणि पट्ट्यावर चालणारी, आपल्या पिठाच्या चक्कीसारखी. पट्टा तुटला तर तालुक्याला मिळेल, मोटर जळली तर रिवाइंडिंगवाला भरून देईल. लाइन गेली की तिचं बटन आपोआप पडतं, हिरवं पुन्हा दाबल्याशिवाय ती सुरूच होत नाही. खरं म्हणजे त्या बटनासाठीच मी पैसे टाकले.

वजन १०० किलोच्या वर आहे, जागची हलायची नाही. तुम्ही हातकरवत चालवायचे तेव्हा मी फळीवर बसायची ना, वजन म्हणून? भुशानं पायाला गुदगुल्या व्हायच्या आणि तुम्ही ओरडायचे, "हलू नको वं, रेघ वाकडी जाते." आता बसायला मी तिथं नाही. दिवाळीनंतर आलेही नाही, ते बोलू नका, मला माहीत आहे.

आता ऐका. पात्यामागं एक पोलादी पट्टी आहे, रायव्हिंग नाइफ. ओलं लाकूड चिरताना चीर मिटते, पात्याला आवळते आणि फळी उलटी पोटावर येते. ही पट्टी चीर मिटू देत नाही. ती काढायची नाही, कितीही अडली तरी! पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. गळ्यात दुपट्टा नको, हातमोजेही नको. शेवटचा वीतभर तुकडा काठीनं ढकला. पातं बदलताना प्लग काढा, नुसतं बटन बंद करून नाही. वायरमनकडून वेगळा १५ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग करून घ्या, त्याचे पैसे मी पाठवते. मागून उघडी असल्यानं भुसा खाली पडेल, हवेतही उडेल. सागवानाच्या भुशानं तुम्हाला खोकला येतो, म्हणून नाकाला मास्क. आणि आई, पापड त्या बाजूला वाळू घालू नको.

उतरवायला पोरं बोलवा. तुम्ही हात लावायचा नाही, कंबर आठवा.

जुनं टेबल मोडू नका. कटर तेवढा काढा, वर आईची लोणच्याची बरणी राहील. आणि मशीन बसली की आधी कुणाचा देव्हारा नको. आईच्या पोळपाटाचा तो डुगडुगता पाय करा. दोन वर्षं ती त्याच्याखाली कागदाची घडी घालते आहे.

तुमची,
बेबी