शिराकावा-गोची छपरं

नागोया, जपान,
१४ ऑक्टोबर

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी शिराकावा-गो नावाच्या डोंगराळ खोऱ्यातल्या ओगिमाची गावाला, तिथली जुनी गवती छपरांची घरं बघायला जाऊन आले. फोटो आईच्या फोनवर टाकलेत, पण छप्पर आतून कसं बांधलंय ते त्यात कळत नाही, आणि तुम्ही आधी तेच विचाराल.

इथे हिवाळ्यात बर्फ फार पडतो. म्हणून छपराच्या दोन्ही पाखी ६० अंशांपर्यंत उभ्या, वर हातभर जाड गवत. घरांची त्रिकोणी तोंडं दक्षिणोत्तर, म्हणजे दोन्ही पाखींना ऊन सारखं लागतं आणि गवत वाळतं.

वादा घराण्याच्या घरात माळ्यावर चढू देतात. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही! वासे गवताच्या दोरीने आणि कोवळ्या झाडांच्या फोकांनी बांधलेत. फोक ओले असतानाच पिळून गाठ मारायची. वाळले की गाठ आणखी आवळते. वाशाचं खालचं टोक तासून निमुळतं केलेलं, तुळईच्या खाचेत नुसतं टेकवलेलं. त्यामुळे वाऱ्यात आणि बर्फाच्या भाराखाली सांगाडा थोडा हलतो, मोडत नाही. हे तुम्ही स्वतः हात लावून बघायला हवं होतं.

या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. खालच्या चुलाण्याची ऊब वर यायची, आणि धुराने गवताला कीड लागत नसे. जमिनीखाली बंदुकीच्या दारूसाठी सोराही करत; वादा घराण्याचा तो व्यापार होता.

खालचं घर सुतार बांधायचे, छप्पर मात्र गावकरी. ३०-४० वर्षांनी गवत बदलायचं, तेव्हा शे-दोनशे माणसं सावडीने येऊन एक-दोन दिवसांत पाख शाकारायची. आज माझ्या घरी तू, उद्या तुझ्या घरी मी. आता बरंचसं काम कारागिरांकडे गेलंय, तरी ही रीत अगदी मोडलेली नाही.

मला सगळ्यात मोठी वाटली ती १९७१ची गोष्ट. आजूबाजूच्या काही वाड्या धरणाखाली गेल्या होत्या, माणसं गाव सोडत होती. तेव्हा गावकऱ्यांनीच ठरवलं : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारचं संरक्षण त्यानंतर, १९७६ साली आलं आणि जागतिक वारशाचा मान १९९५ साली. आधी गावाने जपलं, म्हणून पुढचं झालं.

बाबा, आपली मागची पडवी पाडून स्लॅब टाकायचं चाललंय, असं आई म्हणाली. मे महिन्यापर्यंत थांबाल का? मी येतेय. आपण दोघं माळ्यावर चढून एकेक वासा ठोकून बघू, कुठले वाळवीने गेलेत आणि कुठले अजून धड आहेत. जांभ्याच्या भिंतींना तर काही झालेलं नाही. जे वासे बदलावे लागतील त्यांचा आणि नव्या कौलांचा खर्च मी देते. कौलं शाकारायला पूर्वी यायचे त्यांच्यापैकी आता कोण येईल, तेवढं विचारून ठेवा.

आईला नमस्कार. गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमची,
मीनू