गाडीनं कोणता पावसाळा पाहिलाय ते विचार

सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही जुन्या गाड्यांचे फोटो पाहिले. पांढरी स्विफ्ट तुझ्या मनात भरलेली दिसते. पण तिचं बॉनेट उघडलेला फोटो पुन्हा बघ, वायरींवरसुद्धा पॉलिश मारलंय. रोजच्या वापरातल्या गाडीत तिथे धूळ असायला हवी. मला ती धूळच जास्त विश्वासाची वाटते.

माझी सगळी नोकरी विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर झाली, हे तुला माहीत आहेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा सीटपर्यंत बुडालेल्या गाड्यांच्या फायली माझ्यासमोर ढिगानं पडल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी आहे त्या अवस्थेत लिलावात विकली जाते. पण लिलावातली प्रत्येक गाडी तोडली जात नाही. काही धुऊन, नवी सीटकव्हरं चढवून लांबच्या शहरात विकायला उभ्या राहतात. इंजिन एकवेळ साफ होतं, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी पुढे कधीतरी गंज बनून त्रास देतं. एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वायरिंगवर चालतात. तू त्या गाडीनं रात्री कात्रजचा घाट उतरणार असशील, तर मला हे आधी तपासायचंय.

गेल्या गेल्या सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बाहेर काढ. धुणाऱ्याचा हात सहसा वरच्या भागापर्यंतच पोचतो, आत गुंडाळलेला पट्टा तसाच राहतो. तिथे मातकट आडवी रेघ दिसली, तर आभार मानून निघून ये, किंमत विचारूच नकोस. मग मॅटिंग उचल, सीटच्या रुळांचे बोल्ट बघ, स्टेपनी काढून तिच्याखालच्या खड्ड्यात हात घाल. काचा बंद करून थोडा वेळ आत बस. सुगंधी बाटली लावली असेल तर आधी काढायला सांग. गाडी चिपळूणची असेल तर 2021 च्या जुलैमधल्या पुरात ती कुठे उभी होती हे सरळ विचार.

इंजिन गार असतानाच बघायचं, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाच्या आतून दुधट साय दिसली तर बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलात मिसळतंय. बाकीचं मिस्त्री बघेल, आणि मिस्त्री आपला न्यायचा, विकणाऱ्यानं सुचवलेला नाही. मीटर मागे फिरवता येतं, म्हणून सर्व्हिस रेकॉर्डवरचं रनिंग जुळव. टायरवर तो कधी बनला त्याचे चार आकडे असतात: 3221 म्हणजे 2021 चा 32 वा आठवडा. रनिंग वीस हजार सांगतात आणि चारही टायर बदललेले, तर का बदलले ते विचार.

बाबा डिझेल घे म्हणतात, मला ते पटत नाही. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेलच्या सायलेन्सर लाइनमधला फिल्टर साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावरचा वेग लागतो, आणि तुझं जाणंयेणं सगळं पुण्याच्या ट्रॅफिकमधलं. पेट्रोल घे, आणि जुलै 2019 नंतर बनलेलीच. तेव्हापासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. दोन एअरबॅग मिळाल्या तर दहा-वीस हजार जास्त गेले तरी चालतील.

आता कागद. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे गाडी तुझी झाली असं समजू नकोस. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, असा सुप्रीम कोर्टाचा 2018 चा निकाल आहे. म्हणजे नोंद बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी त्याच्यावरच; हे विकणाऱ्यालाही सांग, म्हणजे तोही घाई करेल. इन्शुरन्स 14 दिवसांत तुझ्या नावावर करायला अर्ज दे. तसं नाही केलंस, तर थर्ड पार्टीचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, संरक्षण राहतं, पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमाही पॉलिसी आणि आरसी तुझ्या नावावर असेल तरच कामाला येतो. अशा नामंजूर फायलींवर मी सह्या केल्यात. त्या घरांतली माणसं समोर बसलेली असायची आणि माझ्या हातात काहीच नसायचं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हा प्रीमियमचा फरक हिशेबात धर.

तिन्ही गाड्यांचे नंबर आजच पाठव. चलनं आणि बोजा मी ऑनलाइन बघून ठेवते. तोवर कुणालाही इसार देऊ नकोस, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ असं कितीही म्हणाले तरी. रविवारी बाबा सकाळच्या एसटीनं निघतील, मिस्त्रीला अकराची वेळ दे.

तुझी,
आई