मैदान आखून देणाऱ्यांचे मनापासून आभार

आमच्या क्लबची प्रशिक्षक आणि मैदानाचा व्यवस्थापक, दोघं पस्तिशीतले. त्यांचं लग्न ठरल्याच्या आनंदात जळगावात ठेवलेला हॉकी सामना तुमच्यामुळे पार पडला. नावं न सांगताच गेलात, म्हणून हे जाहीर आभार.

आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हात भेगा पडतात, चेंडू उसळून थेट गुडघ्यावर येतो. तुम्ही मुरूम भरून पाणी मारलंत आणि माती हाताला चिकटेनाशी झाल्यावरच रोलर फिरवलात. ओल्यात फिरवला असता तर थरच उचकटला असता. 'डी'साठी, म्हणजे गोलसमोरच्या वक्र रेषेनं आखलेल्या भागासाठी, 14.63 मीटरची दोरी गोलच्या दोन्ही खांबांपासून वेगवेगळी धरलीत, मधली 3.66 मीटर रेषा सरळ ठेवलीत. गोलच्या मध्यातून एकच अर्धवर्तुळ काढलं की कडेचं माप चुकतं.

नवरीनं नवरदेवाला त्याच 'डी'तून गोल मारला! हळदीला या, भरीत आणि कळण्याची भाकरी आहे.