नंदू भेंडे यांचा विसरलेला बँड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘तीन पैशाचा तमाशा’वरचा लेख आवडीने वाचला. पु. ल. देशपांडे यांचे लेखन, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ साली रंगमंचावर आणलेले ते नाटक, सगळे नीट आले आहे. खटकली ती एकच ओळ. अंकुशची भूमिका करणाऱ्या नंदू भेंडे यांना ‘आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव, पाश्चात्त्य संगीताची आवड असलेले’ एवढ्यावर उरकले आहे. आवड तर तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना होती. भेंडे मुंबईच्या रॉक संगीतातले पहिल्या फळीचे गायक होते आणि ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यात गात होते. नाटकात ते इतक्या सहजपणे रॉक गाऊ शकले, ती तयारी तिथली होती. त्याच्या आधी, १९७४ मध्ये, अलेक पदमसी यांनी बसवलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या इंग्रजी रॉक संगीतिकेत ज्यूडास उभा केला तोही त्यांनीच.

ॲटॉमिक फॉरेस्ट हा बास गिटार वाजवणाऱ्या कीथ कांगा यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत उभा केलेला बँड. सायकेडेलिक रॉक वाजवणारा, म्हणजे फाटल्यासारखा घोगरा केलेला गिटारचा आवाज, घुमत राहणारा प्रतिध्वनी, एकच चाल पकडून ती लांबवत नेणे. हे सगळे मुंबईत शून्यातून आले नव्हते. एका सिगारेट कंपनीची ‘सिमला बीट’ ही स्पर्धा देशभरातल्या बँडना एकत्र आणत होती आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांतल्या बँडच्या एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, निघाल्या. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोत तर १९७२ साली एका रात्री लेड झेपेलिन या जगप्रसिद्ध ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन वाजवून गेले. पण स्वतःची अख्खी एलपी निघणे ही आपल्याकडच्या रॉक बँडसाठी जवळजवळ अशक्य गोष्ट होती. रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा सिनेमाच्या गाण्यांवर चाले. फार तर दोन-चार गाण्यांची छोटी तबकडी मिळायची.

ॲटॉमिक फॉरेस्टची एलपी निघाली. ‘ऑब्सेशन ७७’, म्युझिक इंडिया कंपनीची. बाजारात आली १९८१ मध्ये, तेव्हा बँड मोडलेला होता. वाजवायला बँडच नाही, तर ती विकणार कशी? काही वर्षांचा हा बँड आणि त्याची ही एक तबकडी आपण सरळ विसरून गेलो. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने ती पुन्हा काढली आणि परदेशातले लोक ती ऐकू लागले. त्या कंपनीचे मला मनापासून कौतुक आहे. पण आपल्या शहरातला आवाज आपल्याला लॉस एंजेलिसहून परत मिळावा, हे मनाला लागते. भेंडे २०१४ च्या एप्रिलमध्ये गेले.

हे आज लिहायला एक कारण घडले. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माळा रिकामा केला. थोरल्या भावाचे एक खोके निघाले. तोही कॉलेजच्या एका बँडमध्ये बास वाजवायचा, त्याचा ॲम्प्लिफायर लॅमिंग्टन रोडच्या एका रेडिओ मेकॅनिकने जुन्या रेडिओच्या वॉल्व्हमधून जुळवून दिला होता. खोक्यात टेपचे एक रीळ होते, वर बॉलपेनने ‘गॅदरिंग, रात्र’ एवढेच. उलगडायला गेलो तर टेपवरचा तपकिरी मुलामा बोटांना लागला आणि पापुद्रे माझ्या मांडीवर पडले. मी तिथेच थांबलो. एका जाणकाराने खटपट करून त्यातली जेमतेम चार मिनिटे वाचवली. गाणे इंग्रजी आहे. मध्येच गिटार बंद पडते आणि भावाचा आवाज येतो, ‘अरे, वायर दाब ना रे, वायर!’ मागे पोरे हसताहेत. भाऊ जाऊन आता सहा वर्षे झाली. बाकीची टेप गेली ती गेलीच.

अशी खोकी अजून कितीतरी माळ्यांवर असतील. दादर, पार्ले, ठाणे, पुणे, पणजी, मडगाव. त्या वेळी वाजवणारे आणि ऐकणारे आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत, आणि घरे रिकामी होताना टेपा, फोटो, कार्यक्रमांची पत्रके रद्दीवाल्याकडे जात आहेत. म्हणून दोन विनंत्या. पुढच्या रविवारी त्या लेखाला पुरवणी म्हणून भेंडे यांच्या बँडविषयी चार ओळी छापाव्यात. आणि वाचकांना आवाहन करावे, ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते फेकू नये, त्याची प्रत आपल्याकडे पाठवावी. टेप असेल तर घरी लावून बघू नये, आधी जाणकाराला दाखवावी.

माझ्याकडची चार मिनिटे आणि भावाच्या बँडचे दोन फोटो मी स्वतः कार्यालयात आणून देईन. कोणत्या दिवशी येऊ ते कळवावे.

आपला,
एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई