आर्चीची भेट, आणि बाबांची कवळी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं तर आईने मध्येच गॅसकडे धाव घेतली, म्हणून लिहूनच कळवते. इथल्या, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये महाकाय स्क्विड, म्हणजे राक्षसी माकूळ, बघून आले. 2004 साली फॉकलंड बेटांजवळ जाळ्यात सापडलेला, 8.62 मीटर लांब, आता औषधी पाण्याच्या टाकीत पडून असतो. त्याला सगळे लाडाने आर्ची म्हणतात. आहे मात्र मादी!

आई, तू माकूळ साफ करतेस तेव्हा जे जे हाताला लागतं, ते सगळं हिच्यातही आहे. आठ हात, भक्ष्य धरायच्या दोन लांब सोंडा, मधोमध पोपटासारखी चोच, पाठीतलं ते पारदर्शक पातं, शाईची पिशवी. लांबीचा मोठा वाटा त्या सोंडांचाच; धड साधारण दोन मीटरचं. हात-सोंडांवर चिकटणाऱ्या वाट्या, म्हणजे चूषक, असतात; त्यांच्या कडेला दातेरी कडी असतात. स्पर्म व्हेल नावाचा देवमासा यांना खातो, आणि त्याच्या कातडीवर या कड्यांचे गोल वण उमटलेले दिसतात.

तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. नाही, खात नाहीत. हिच्या मांसात अमोनियम क्लोराईडचं द्रावण भरलेलं असतं, चव कडवट लागते. पण त्याच द्रावणावर तिचं सगळं चालतं. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे एवढं धूड फारसे हातपाय न मारता खोल पाण्यात तरंगत राहतं. कितीतरी माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तशी हिला लागतच नाही. खोलवरच्या दाबाने चेपायला आत हवाच नाही.

डोळ्याचा व्यास जवळजवळ 27 सेंटिमीटर! अंधारात एवढा डोळा कशाला? 2012 साली स्वीडनचे शास्त्रज्ञ डान-एरिक निल्सन यांनी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं: व्हेल पाण्यातून जाताना वाटेतले चमकणारे बारीक जीव ढवळले जातात, आणि तो अंधुक उजेड हिला शंभर मीटरच्याही पलीकडून दिसू शकतो. म्हणजे शिकारीपेक्षा पळ काढण्यासाठी हे डोळे. मला हे पटलं.

या जातीचा खोल समुद्रात जिवंतपणी पहिला फोटो मिळाला तोही 2004 सालीच. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ कुबोदेरा आणि मोरी या संशोधकांनी 900 मीटर खोल आमिष आणि कॅमेरा सोडला होता. सोंड गळाला अडकली, चार तासांहून जास्त झटापट झाली, शेवटी सोंड तुटली आणि प्राणी निसटला. बोटीवर आलेला तुकडा साडेपाच मीटरचा. मला वाईट वाटलं, पण फोटो मात्र बघतच राहिले.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. तिला तीन हृदयं आहेत आणि रक्त निळसर, ते सोडा. तिचा मेंदू कड्यासारखा असून अन्ननलिका त्याच्या मधून जाते. म्हणून चोचीने बारीक तुकडे करायचे, काटेरी जिभेने किसायचे, मगच गिळायचं. तुम्ही कवळी डबीत ठेवून भाकरीचे तुकडे तसेच गिळता, हे आईने सांगितलंय मला. टोचत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन घासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. पैसे पाठवलेत, ते दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत. आई, सोमवारी तूच सोबत जा, नाहीतर ते चावडीवरूनच परत येतील.

तुमची,
बेबी