आमच्या कौन्सिलच्या रेंजरांचे मनापासून आभार

पर्थमध्ये परवाच्या वादळात मागच्या कुंपणाची फळी कोसळली आणि घाबरलेली आमची कुत्री मोती रात्रीच कुठेतरी पळाली. सकाळी कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) रेंजर ताई तिला घेऊन दारात हजर! मानेजवळची मायक्रोचिप स्कॅन करून त्यांनी पत्ता शोधला होता. कोंडवाड्यात न नेता थेट घरी आणलं. आई तर त्यांचे हात सोडेना. नाव न सांगताच त्या पुढच्या कामाला गेल्या, म्हणून हे जाहीर आभार.

ही माणसं फक्त मोकाट कुत्री धरतात असं अनेकांना वाटतं. पण वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९५४च्या बुशफायर (वणवा) कायद्यानुसार कौन्सिल जमीनमालकांना जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत-झुडपं काढलेला मोकळा पट्टा, काढायला लावू शकते, आणि ती नीट काढली आहे का हे पाहत उन्हातान्हात फिरतात ते रेंजरच. गेल्या वर्षी एका रेंजर दादांनी आमच्या शेजारच्या आजोबांना वाळलं गवत कुठवर काढायचं ते स्वतः चालत जाऊन दाखवलं. दंडाची भाषा नाही, घाई नाही. आजोबा एकटे राहतात, हे त्यांनी लक्षात ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा डोकावून गेले.

ताई, दादा, तुमचे खूप खूप आभार. मोती मजेत आहे, कुंपणही दुरुस्त झालंय.