पहिलं ओबोन आणि निशिमोनाईचा नाच

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

सूनबाईला जाऊन वर्षही झालं नाही आणि तिच्या माहेरी, जपानच्या आकिता भागातल्या निशिमोनाईला, ओबोनच्या नाचात मी नाचायला कसा जाऊ, असं विचारलंस. तू जावंस, असं माझं स्पष्ट मत आहे. ती फेब्रुवारीत गेली. मृत्यूनंतरचे ४९ दिवस पूर्ण होऊन गेले, म्हणजे या ऑगस्टचं ओबोन, त्यांचा पितरांचा सण, हे तिचं पहिलं, हात्सुबोन. त्या दिवसांत जावई माहेरच्या अंगणात नसला, तर विहीणबाईंना ते फार लागेल.

१३ तारखेला संध्याकाळी दारात छोटा जाळ करतात, तिला घर सापडावं म्हणून. पहिल्या वर्षी पांढरा कंदील लावतात. तो एकाच वर्षाचा असतो, नंतर जाळतात किंवा देवळात देतात, तेव्हा आठवण म्हणून मागून घेऊ नकोस. काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करायची त्यांच्याकडे रीत असली, तर ते काम तू घे. काकडी थोडी बाकदार निवड आणि पाय आखूड ठेव, लांब पायांवर घोडा कलंडतो. घोडा तिनं लवकर यावं म्हणून, गाय तिनं सावकाश परतावं म्हणून.

१६ ला निरोपाचा जाळ होतो आणि निशिमोनाईत नाच सुरू होतो त्याच रात्री, १६ ते १८. १६०१ मध्ये तिथला किल्ला पडला, तेव्हा मागे राहिलेल्या माणसांनी आपल्या धन्यासाठी धरलेला हा नाच, असं तिथे सांगतात. आता २०२२ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे, जपानमधल्या एकूण ४१ नाचांपैकी एक म्हणून. पण तुझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: हिकोसा-झुकिन. डोळ्यांपुरती दोन भोकं असलेलं काळं कापड डोक्यावरून छातीपर्यंत सोडतात आणि कपाळावर पट्टी बांधतात. चेहरा कुणाचाच दिसत नाही. गेलेली माणसंही त्या रांगेत असतात असं मानतात. आत रडलास तरी कुणाला कळणार नाही, पाय मात्र थांबवू नकोस.

यात ओंदो आणि गान्के असे दोन नाच. ओंदोची गाणी चावट, हसवणारी असतात, त्यानं बिचकू नकोस. गान्के खोल आणि उदास आहे. दोन्हींत जीव बोटांत असतो: बोटं जुळलेली, टोकं किंचित मागे वळलेली. नवखा माणूस खांद्यातून हात उचलतो आणि गुडघे ताठ ठेवतो, म्हणून तो कवायत करताना दिसतो. गुडघे थोडे वाकलेले ठेव आणि हात कोपरापासून पुढे हलू दे.

हे एकदम जमणार नाही. आधी तान्को-बुशी शीक, तो टोकियोत कुठल्याही मेळ्यात असतो. कोळशाच्या खाणीतलं काम आहे त्यात. उजवीकडे दोनदा फावडं मारायचं, डावीकडे दोनदा. मग उजव्या खांद्यावरून ओझं मागे टाकायचं, मग डाव्या. दोन पावलं मागे, एक हात कपाळाशी धरून पाहत. दोन पावलं पुढे, गाडी ढकलत. हात उघडायचे आणि टाळ्या: चो-चोन, गा, चोन. लोक चुकतात ते मागच्या दोन पावलांना, कारण तोपर्यंत सगळं पुढे चाललेलं असतं. मंगळागौरीच्या फेरासारखंच, एक थांबला की मागचे आदळतात. पायांकडे बघू नकोस. जाणते लोक यागुराजवळच्या, म्हणजे मधल्या उंच मंचाजवळच्या, आतल्या कड्यात असतात, तू बाहेरच्या कड्यात राहून तिरकं त्यांच्याकडे बघ.

युकाताची, म्हणजे त्या सुती किमोनोची, डावी बाजू नेहमी वर. उजवी वर फक्त मृताला नेसवताना येते आणि त्या घरात ही चूक तुझ्याकडून नको व्हायला. ओबी, म्हणजे कमरपट्टा, पोटाच्या खाली, कमरेवर. नवी गेता, म्हणजे लाकडी चप्पल, आणलीस तर तिचा पट्टा, हानाओ, आधी दोन दिवस हातानं ओढून सैल कर, नाहीतर अंगठ्याजवळ कातडं सोलतं. टाच सेंटीमीटरभर मागे बाहेर राहिली तरी ठीक, तसंच घालतात.

आता कुणासाठी काही करायचंच उरलं नाही, असं तू फोनवर म्हणालास. बाळा, हे करायचं आहे. त्या गावातली मुलं संध्याकाळच्या पहिल्या फेरीत, अजून उजेड असताना नाचतात. तीही नाचली असणार, तुला भेटण्याच्या कितीतरी आधी. त्या मुलीला तू ओळखतच नव्हतास. तिची ओळख करून घ्यायला तुझ्याकडे आता हे हात आहेत. तुम्हा दोघांतलं प्रेम फेब्रुवारीत संपलं, असं मी मानत नाही. तू तिला अजून पुरतं पाहिलेलंच नाहीस.

इकडे भाद्रपदात अविधवा नवमीला मी सवाष्ण जेवायला बोलावीन, त्यासाठी तू येण्याची धडपड करू नकोस. विहीणबाईंना मात्र आजच फोन कर. झुकिन त्यांच्या घरात असेल का, आणि सराव कुठे, किती वाजता असतो, हे विचारून घे. आकिता शिनकान्सेननं ओमागारी, तिथून साध्या गाडीनं युझावा. सणाच्या आठवड्यात तिकिटं लवकर संपतात.

तुझी,
आई